शेततळे आणि बेडूक

मृगाचा पाऊस पडला की तळ्याकाठी मोठ्या बेडकांचे डरांव डरांव सुरू होते. विणीच्या या दिवसांत नर पिवळाधमक होतो आणि गळ्याजवळच्या दोन निळ्या पिशव्या फुगवून मादीला साद घालतो. शेतातील कीटक हे या बेडकाचे नित्याचे भक्ष्य. त्याच्याच तंगड्या एकेकाळी परदेशी रवाना होत. १९८७ मध्ये भारत सरकारने ही निर्यात बंद केली. संकट मात्र टळले नाही. बेडूक त्वचेवाटे पाणी शोषतो, त्यामुळे पाण्यात मिसळलेले कीटकनाशकही त्याच्या अंगात भिनते. शिवाय प्लॅस्टिकचे अस्तर घातलेल्या शेततळ्याचे काठ उभे व निसरडे असतात. आत पडलेला बेडूक बाहेर येण्यासाठी धडपडतो आणि अखेर थकून बुडतो. बेडूक बुडतो हे ऐकून कोणी हसेल. परंतु मोठ्या बेडकालाही श्वासासाठी हवा लागतेच. काठापासून पाण्यापर्यंत काथ्याचा जाड दोर किंवा जुनी गोणपाटे सोडून वर पक्की बांधली, तर त्याला चढून येता येते. खर्च जवळजवळ नाहीच. शेततळ्यांच्या पाहणीस जाणाऱ्या ग्रामपंचायत सदस्यांनी पाण्याच्या खोलीबरोबर हा दोरही पाहावा.