मोबाइलांतील बंदूक आणि आईबाप

आईबापहो,

बारामती-इंदापूरकडील आपल्या घरांत बंदूक नसेल. पण मुलाच्या हातांतील मोबाइलांत ती आहे. २ सप्टेंबर २०२० रोजीं सरकारनें ‘पबजी’ ह्या गोळीबाराच्या खेळावर बंदी घातली. जुलै २०२१ मध्यें त्याच जातीचा खेळ ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ ह्या नांवानें आला. अठरा वर्षांखालील मुलांस पालकांची संमति हवी, असा नियम ठरला. परंतु वय सांगणारें मूलच! तेव्हां खरा पहारा घरींच हवा.

मात्र मोबाइल हिसकावूं नका. शेजारीं बसून खेळ पाहा. कोणास मारावयाचें व कां, हें विचारा. डाव मध्येंच थांबवितां येत नाहीं. म्हणून घटका नव्हे, डाव मोजून द्या. जेवतांना व निजतांना मोबाइल दूर असावा, आपलाही. एवढा निश्चय घरोघरीं व्हावा, ही विनंति.