तराजू कोणाच्या हाती?



आजचा विषय विलायतेतल्या टपाल कचेऱ्यांचा आहे. या युनियनवाल्याला तिकडच्या टपालाचे काय पडले आहे, असे कोणाच्या मनात येईल. पण मालक आणि काम करणारा यांच्यात समेट घडवणे हा माझा रोजचा व्यवहार. तो समेट कसा नासतो आणि तो नासत असताना सरकार कसे हाताची घडी घालून उभे राहते, याचा इतका स्वच्छ नमुना मला दुसरीकडे आढळला नाही.

आधी व्यवस्था पाहू. ‘पोस्ट ऑफिस लिमिटेड’ ही ब्रिटनमधली कंपनी. तिची सगळी मालकी सरकारची. परंतु तिच्या बहुतेक शाखा पगारी नोकर चालवीत नाहीत; सब-पोस्टमास्तर चालवतात. हा बहुधा गावातला दुकानदार. पदरचे पैसे घालून दुकान घ्यायचे. एका बाजूला वाणसामान, दुसऱ्या बाजूला टपालाची खिडकी. स्वतःच्या निष्काळजीपणाने वा चुकीने तूट आली तर ती त्याने भरावी, असे करारात होते. कंपनीने अर्थ लावला तो असा, की तूट दिसली की ती त्यानेच भरावी.

1999 सालापासून शाखांत ‘होरायझन’ ही संगणक व्यवस्था बसवण्यात आली. ती फुजित्सू कंपनीची. संध्याकाळी गल्ला मोजावा, तर यंत्र म्हणे हजार पौंड कमी! मदतीसाठी फोन करावा, तर कित्येकांना उत्तर मिळे, “अशी तक्रार करणारे तुम्ही एकटेच.” माणसांनी घरे गहाण टाकली आणि न झालेली तूट भरली. ज्यांना भरता आली नाही, त्यांच्यावर चोरीचे आणि खोट्या हिशोबाचे खटले झाले. 2015 सालापर्यंत नऊशेहून अधिक लोक दोषी ठरले. त्यांतले सुमारे सातशे खटले कंपनीने स्वतःच चालवले होते. फिर्यादी तीच, तपास करणारीही तीच. 2010 साली भारतीय वंशाच्या एका गरोदर बाईला 15 महिन्यांची कैद झाली.

“तुम्ही एकटेच” हे शब्द, श्रोतेहो, मला ओळखीचे आहेत. माणूस एकटा आहे तोवर त्याची तक्रार म्हणजे कटकट असते. दहा जण जमले की तोच प्रश्न होतो. सब-पोस्टमास्तरांची एक जुनी संघटना होती. पण 2015 च्या करारानंतर तिचा खर्च कंपनीच्याच पैशावर चालू लागला. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी! ती संघटना स्वतंत्र नाही, असे 2019 साली न्यायाधीशांनीही म्हटले. म्हणून खरे काम केले ते वेल्समधल्या अ‍ॅलन बेट्स यांनी. 2003 साली कंपनीने त्यांचा करार संपवला होता. 2009 साली त्यांनी पीडितांची निराळी आघाडी उभी केली.

आता मध्यस्थीकडे येतो. खासदारांच्या रेट्यामुळे 2012 साली ‘सेकंड साइट’ हे हिशोब तपासनीस नेमले गेले आणि ऑगस्ट 2013 मध्ये मध्यस्थीची योजना निघाली. 150 अर्ज आले. देखरेखीच्या मंडळात कंपनी, बेट्स यांची आघाडी आणि तपासनीस होते; अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती सर अँथनी हूपर. कागदावर यात काय उणे होते? पण पैसा कंपनीचा, दप्तर कंपनीच्या कपाटात आणि कपाटाची किल्लीही कंपनीच्या कमरेला! खटल्यांत साक्ष देणाऱ्या फुजित्सूच्या तज्ज्ञावर विसंबता येणार नाही, असा लेखी सल्ला कंपनीच्या वकिलाने जुलै 2013 मध्येच दिला होता. तो समोरच्या पक्षाला कळला 2020 साली! ज्यांना शिक्षा झाली होती, त्यांच्याशी मध्यस्थी करायला कंपनी तयार नव्हती. डिसेंबर 2014 मध्ये खासदार जेम्स आर्बथनॉट यांनी संसदेत सांगितले, की कंपनी नव्वद टक्के प्रकरणे वगळू पाहत आहे. मार्च 2015 मध्ये, तपासनीसांचा शेवटचा अहवाल हाताशी आला असताना, कंपनीने मंडळच मोडले आणि तपासनीसांना निरोप दिला.

दोन बोक्यांच्या भांडणात माकडाने लोणी खाल्ले, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकली. त्या गोष्टीत निदान माकड तरी तिऱ्हाईत होते. इथे एका बोक्याच्याच हाती तराजू होता.

आणि सरकार? ते तर मालक. 2012 पासून संचालक मंडळावर सरकारचा अधिकारी बसत होता. तरी कंपनीचा कारभार स्वतंत्र आहे, आम्ही हात लांब ठेवतो, असेच मंत्री सांगत राहिले. त्यात काहीच तथ्य नाही असे मी म्हणत नाही. तिकिटे कशी विकावी हे मंत्र्याने सांगू नये. परंतु व्यापारात हात लांब ठेवणे हे शहाणपण. न्यायात हात लांब ठेवणे म्हणजे अंग चोरणे.

आपल्याकडे 1947 चा औद्योगिक विवाद कायदा होता. नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा नव्या संहितेने घेतली. त्या कायद्यात समेट अधिकारी सरकार नेमी. समेट फसला तर का फसला, हे त्याने सरकारला लिहून द्यायचे. सरकारला प्रकरण न्यायाधिकरणाकडे पाठवायचे नसेल, तर त्याचीही कारणे नोंदवून पक्षांना कळवायची. या कायद्यात विलंब होता, पळवाटा होत्या. त्या मी जन्मभर पाहिल्या. पण मालकाला वाटले म्हणून त्याने समेटाचे दुकान बंद करावे, अशी सोय त्यात नव्हती.

विलायतेत पुढे 555 जण न्यायालयात गेले. 2019 साली कंपनीने 5 कोटी 77 लाख 50 हजार पौंडांवर तडजोड केली. त्यातला बहुतेक पैसा दाव्याच्या खर्चातच गेला. यंत्र सदोष होते, हे त्याच डिसेंबरात न्यायालयाने सांगितले. 2021 साली 39 जणांच्या शिक्षा एकदम रद्द झाल्या आणि 2024 साली उरलेल्यांसाठी संसदेला कायदा करावा लागला. किमान 13 जणांनी या छळापायी जीव दिला असावा, असे जुलै 2025 च्या चौकशी अहवालात नमूद आहे. जे 2013 साली टेबलाभोवती मिटू शकले असते, त्याची ही किंमत.

या सभेत गॅसची एजन्सी चालवणारे असतील, रेशनचे दुकानदार असतील, बँकेचे गावोगावचे प्रतिनिधी असतील. उद्या कोणी म्हणाले, “चला, मध्यस्थ नेमू,” तर आनंदाने जा. पण बसण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. मध्यस्थाचा पगार कोण देतो? कागदपत्रे कोणाच्या ताब्यात आहेत? आणि समेट फसला तर त्याचा जाब कोणाला द्यावा लागतो? तिन्हींचे उत्तर एकच नाव असेल, तर ती मध्यस्थी नव्हे. त्या खुर्चीवर एकट्याने बसू नका. शेजाऱ्याला बरोबर घ्या.