सुई हातात घेण्याआधी

आम्ही खारदांड्याच्या कोळीवाड्यातल्या बचत गटाच्या बायका बोलतोय. पहाटे धक्क्यावरून म्हावरं आणायचं, पाटी डोक्यावर घ्यायची, दिवसभर बाजारात बसायचं. चाळिशीनंतर गुडघा नाहीतर कंबर बोलायला लागतेच. तुमच्याकडे शेतात वाकून तेच होत असेल.

आमच्यातल्या दोघींनी ॲक्युपंक्चर घेतलं. एकीला आराम पडला, दुसरीला काही फरक नाही. पण ते बघून गटातल्या एकीच्या लेकीनं मनात घेतलं, आपण हेच शिकायचं. तिनं गटाकडे वीस हजारांचं कर्ज मागितलं. एका क्लासवाल्यानं सांगितलेलं, दीड महिन्यात सर्टिफिकेट, मग लगेच स्वतःचा दवाखाना!

पैसे देण्याआधी आम्ही चौकशी केली. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा वेगळा कायदा आहे, त्याखाली राज्याची परिषद आहे. तिथं नोंदणी असल्याशिवाय उपचार करता येत नाहीत. २०१९ मध्ये केंद्र सरकारनंही या पद्धतीला मान्यता दिली. क्लासवाल्याला म्हटलं, तुमच्या कोर्सवर नोंदणी मिळते असा कागद दाखवा. तो म्हणाला, आधी फी भरा.

ही सुई केसासारखी बारीक, तिच्यात औषध नसतं. म्हणून काम सोपं वाटतं. पण छातीवर खोल गेली तर फुप्फुसाला इजा होते. एकाची सुई दुसऱ्याला टोचली तर कावीळ पसरू शकते, म्हणून दर वेळी नवी, बंद पाकिटातली सुई हवी. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, बाई गरोदर असेल, तर आधी विचारायला हवं. छातीत दुखतंय म्हणून कोणी आलं तर सुई बाजूला ठेवून त्याला इस्पितळात पाठवायचं, हेही शिकावं लागतं. दीड महिन्यात हे कसं जमणार?

आपल्या सोलापूरचे डॉक्टर कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, ते आपल्याला माहीत. त्याच पथकातले कलकत्त्याचे डॉक्टर बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि ते इकडे घेऊन आले. ते तर आधीच डॉक्टर होते, तरी शिकायला गेले.

पोरगी दोन दिवस आमच्याशी बोलली नाही. मग स्वतःच म्हणाली, मावशी, परिषदेत जाऊन मान्य कोर्सची यादी आणते. वीस हजार गटात तसेच बाजूला ठेवलेत. यादी आली की पुढच्या बैठकीत तिच्या कर्जाचा अर्ज पहिला घेणार आहोत.