‘तोच येणार’ म्हणण्याआधी



2019 च्या विधानसभेला मी पुण्याहून कोपरगावला मत द्यायला आलोच नाही. सुट्टी होती, एसटीही होती. पण ‘आमदार आहेत त्याच येणार’ याची मला खात्री होती. निकाल लागला तेव्हा स्नेहलता कोल्हे 822 मतांनी पडल्या होत्या आणि आशुतोष काळे आले होते. मी कुणाला मत दिलं असतं ते सोडा. माझ्यासारखे 822 जण त्या दिवशी पुण्यात झोपले असतीलच.

पुढं आकड्यांच्या सवयीनं जिल्ह्यातल्या बाराही जागा लॅपटॉपवर मांडल्या. 2019 ला 11 विद्यमान आमदार उभे होते, आले फक्त 4. मंत्री असलेले राम शिंदेही पडले. 2024 ला 10 उभे होते, 6 आले. 21 पैकी 10, म्हणजे छापा-काटाच! अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात पुन्हा उभे राहिलेल्यांपैकी दहातले नऊ परत येतात. आपल्याकडे 1985 पासून सलग आठ वेळा जिंकलेले संगमनेरचे बाळासाहेब थोरातही 2024 ला हरले.

मग ‘तोच येणार’ असं का वाटतं? कारण आमदार दिसतो. वर्षाला 5 कोटींचा आमदार निधी असतो. कब्रस्तानच्या भिंतीवर नाव त्याचं, तहसीलमध्ये फोन चालतो तो त्याचा. पण नगर जिल्ह्यात विरोधकही रिकाम्या हातानं येत नाही. कोपरगावात कोल्हेंकडे साखर कारखाना, काळेंकडेही कारखाना. उसाची तोड, पोराची नोकरी, सगळं दोन्हीकडं. नेवाशात गडाख, राहुरीत तनपुरे, तीही जुनीच घराणी. राधाकृष्ण विखे पाटील तर शिर्डीतून काँग्रेस, शिवसेना, भाजप अशा तिन्ही चिन्हांवर निवडून आले. माझ्या मते इथं खुर्चीपेक्षा घराणं टिकाऊ आहे.

आपल्या मोहल्ल्यात मात्र हिशेब खुर्चीचाच होतो. ‘तोच येणार, वाकडं कशाला घ्या’ म्हणत भिंतीच्या बदल्यात शब्द दिला जातो. उर्दू शाळेतले शिक्षक, शिष्यवृत्ती, यातलं काही विचारायचं राहूनच जातं. ज्याला आपण पडण्याची भीतीच वाटू देत नाही, तो उत्तर कशाला देईल?

2024 ला मी आलो. त्या वेळी काळे लाखाहून जास्त मतांनी जिंकले, माझ्या मताला कुणी विचारलं नाही! पण त्याच दिवशी कर्जत-जामखेडला रोहित पवार 1,243 मतांनी वाचले. कुठली निवडणूक कशी फिरेल हे आधी कळत नाही. आपली कितीतरी पोरं पुण्यात, चाकणला कामाला आहेत. काहींचं नाव गावच्या यादीत आहे, काहींचं कुठंच नाही. माझा लॅपटॉप मागच्या टेबलावर उघडा आहे. चहाच्या आधी आपापलं नाव शोधून घ्या.