गोळीचं डेमरेज कोण भरणार?

(युवक शिबिरात केलेलं भाषण)



दवाखान्यावर बोलायला डॉक्टर सोडून मला उभं केलंय. ठीक आहे. मी दहावी झालेला गोदी कामगार. कविता करतो, पण आज कविता नाही. आज मालाचं बोलणार. औषधाची गोळी हा माल आहे. आणि माल कुठं अडतो, कोण अडवतो, हे पोती उचलणाऱ्याला सेक्रेटरीपेक्षा जास्त कळतं.

गोदीचा कायदा ऐका. बोटीतून हजार पोती उतरायची आणि नऊशे नव्व्याण्णव उतरली, तर त्या एका पोत्याचा कागद तयार होतो. शॉर्ट लँडिंग म्हणतात त्याला. कुणाची तरी सही लागते, कुणाच्या तरी बोकांडी ते पोतं बसतं. उतरलेला माल वेळेत उचलला नाही तर डेमरेज चढतं, दिवसाच्या हिशेबानं. पोत्याला एवढी इज्जत आहे. क्षयाच्या गोळीला नाही.

क्षय म्हणजे टीबी. जगातल्या दर चार टीबी रुग्णांमागे साधारण एक आपल्या देशातला. तो कुठं राहतो हे मी सांगायला नको. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसं, एक खिडकी, तीही गटाराकडे. इलाज साधा आहे. सहा महिने रोज गोळ्या. पहिले दोन महिने चार औषधं एकत्र असलेली गोळी, पुढचे चार महिने तीन औषधांची. किती गोळ्या ते वजनावर ठरतं. पस्तीस ते एकोणपन्नास किलोच्या माणसाला तीन. आमच्यातले बरेच गडी याच वजनात बसतात. सरकार या गोळ्या फुकट देतं. उपकार नाही, गरज आहे. हा रोग खोकल्यातून माडीवरच्यालाही गाठतो.

२०२५ सालापर्यंत देश टीबीमुक्त करायचा, असं २०१८ साली दिल्लीत जाहीर झालं. टाळ्या पडल्या. २०२३ च्या सप्टेंबरात औषधं मिळत नाहीत अशा बातम्या छापून आल्या, तर केंद्र सरकार म्हणालं, बातम्या दिशाभूल करणाऱ्या आहेत. आणि १८ मार्च २०२४ ला त्याच सरकारनं राज्यांना पत्र धाडलं : पुरवठ्याला उशीर होऊ शकतो, तीन महिन्यांची औषधं तुमची तुम्ही खरेदी करा. कारण काय? अनपेक्षित आणि बाहेरची परिस्थिती. भूकंप नव्हता, महापूर नव्हता. त्या पत्रानंतर सहाव्या दिवशी, २४ मार्चला, जागतिक क्षयरोग दिन होता. बॅनर वेळेवर लागले. बॅनरचा तुटवडा या देशात कधी होत नाही.

त्या पत्रात आणखी एक गोष्ट होती. जिल्ह्याला औषध देता आलंच नाही, तर रुग्णानं बाहेरून घेतलेल्या औषधाचे पैसे त्याला परत द्यावेत. म्हणजे आधी त्यानं खिशातून भरावेत! ज्याच्या खिशात महिन्याच्या गोळ्यांचे पैसे असतात तो आमच्या रांगेत उभा कशाला राहील?

त्या उन्हाळ्यात आमच्या टोळीतला एक गडी इलाजाच्या तिसऱ्या महिन्यात होता. दवाखान्याचं नाव घेत नाही, तिथली सिस्टर भली बाई होती. महिन्याच्या गोळ्यांऐवजी तीन दिवसांच्या मिळायला लागल्या. तीन दिवसांच्या गोळ्यांसाठी एक खाडा. खाडा म्हणजे हजेरी गेली, हजेरी गेली म्हणजे चूल गेली. मग एक दिवस तिनं चिठ्ठी लिहून दिली, बाहेरून घ्या. चार दुकानं फिरून तो रिकाम्या हातानं कामावर आला. ताप होता तरी पाठीवर ओझं घेतलं. मुकादम म्हणाला, खोकतोस का रे सारखा?

औषध अर्धवट पडलं की जंतू मुजोर होतो. औषधालाच जुमानत नाही. मग सहा महिन्यांचा इलाज नऊ महिने चालतो, काहींना दीड-दोन वर्षं. गोळी उशिरा आली त्याचं डेमरेज हे. ते फुफ्फुसानं भरायचं. ज्या टेबलावर फाईल पडून राहिली त्या टेबलाला पै लागत नाही.

आता हा माल अडतो कसा? जहाज नाहीच, असं नसतं. जगातल्या कितीतरी देशांना आपले कारखाने गोळ्या पुरवतात. अडतो तो कागदावर. टेंडर उशिरा निघतं. निघालं तर जुनं बिल थकलेला पुरवठादार भरत नाही. भरलं तर माल बनायला वेळ, तपासणीला वेळ, गोदामातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून दवाखान्याला. आपल्या राज्यात २०१७ साली सगळी सरकारी औषध खरेदी हाफकिन महामंडळाकडे दिली. तक्रारी वाढल्या तेव्हा २०२३ साली कायदा करून वेगळं खरेदी प्राधिकरण काढलं. त्याच साली १५ ऑगस्टपासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरसकट सगळं फुकट झालं. चांगलं झालं, मी स्वागत करतो. पण फुकट केसपेपरवर ‘बाहेरून घ्या’ लिहिलं तर तो कागद भेळेला बरा.

पैशाचंही तसंच. राष्ट्रीय आरोग्य अभियानात केंद्राचे साठ, राज्याचे चाळीस. हप्ता वरून सुटतो, आधीच्या खर्चाचा दाखला गेल्याशिवाय पुढचा सुटत नाही. दाखला अडला की हप्ता अडला. आणि मार्च आला की उरलेले पैसे संपवायची घाई. वर्षभर गोळी नाही आणि मार्च एंडला खुर्च्या येतात. २०१७ चं राष्ट्रीय धोरण म्हणतं, आरोग्याच्या पैशातले दोन तृतीयांश किंवा त्याहून जास्त प्राथमिक सेवेवर घाला. गाजावाजा मात्र पाच लाखांच्या कार्डाचा. कार्डावर महात्मा फुल्यांचं नाव. त्या घरची सावित्रीमाय १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करता करता गेली. तिनं कार्ड विचारलं नव्हतं. पाच लाखांचं कार्ड खाटेवर पडलेल्याला चालतं. चालत्या-फिरत्या माणसाच्या रोजच्या गोळीला, बीपीच्या, साखरेच्या औषधाला ते चालत नाही. आधी खाटेवर पडा, मग सरकार येईल.

२०२३ साली दवाखान्यांचं नाव बदलून आयुष्मान आरोग्य मंदिर केलं. पंजाबात तर दवाखान्याच्या पाटीवरून केंद्र-राज्य जुंपली आणि अभियानाचा पैसा अडकला. मंदिर म्हणे! मंदिराच्या दारात उभं राहायची आम्हाला सवय आहे. १९३० साली काळारामाच्या दारात आमचे आजे-पणजे उभे होते. त्यांना देव हवा होता असं नाही, हक्क हवा होता. आम्हाला गोळी हवी आहे.

आणि हे जमत नाही असं कुणी सांगू नये. तामिळनाडूनं १९९४ साली औषध खरेदीचं महामंडळ काढलं. जिल्ह्याजिल्ह्यात गोदामं. प्रत्येक सरकारी दवाखान्याला पासबुक. त्यात त्याच्या वाट्याची रक्कम. लागेल तसं गोदामातून औषध उचलायचं, तेवढी रक्कम वजा. खप कुठं वाढला, साठा कुठं घटला, ते आधी कळतं, मग मागणी जाते. यात कसली जादू? ही तर गोदीतली टॅली झाली. पोती मोजायची अक्कल गोळ्यांना लावली, बस्स.

तेव्हा आपल्या दवाखान्यात जाऊन शिव्या द्यायच्या नाहीत. सिस्टरवर तर नाहीच. ती आपल्यासारखीच शेवटच्या टोकाला उभी आहे. साठ्याचं रजिस्टर मागायचं. कुठलं औषध कधी संपलं, मागणी कुठल्या तारखेला गेली, माल कधी आला, या तिन्ही तारखा भिंतीवर लागल्या पाहिजेत. रुग्ण कल्याण समिती असेल तर तिच्या बैठकीत वस्तीचा माणूस बसला पाहिजे.

नाही म्हणाले तर माहितीचा अधिकार आहे, २००५ चा कायदा. अर्जाचे कोरे कागद बाहेर टेबलावर ठेवलेत. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखाली असाल तर तोही नको, दाखल्याची झेरॉक्स जोडा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. एका अर्जात एकच विषय, आणि दीडशे शब्दांच्या आत लिहायचं असा आपल्या राज्याचा नियम आहे. ज्याला लिहिता येत नाही त्यानं माझ्याकडे या. मी रात्रीच्या पाळीला जाईपर्यंत इथंच बसलोय.