कार्यभाराच्या यादीत नसलेले गाव

(नव्याने रुजू होणाऱ्या प्राथमिक शिक्षकांच्या उद्बोधन वर्गात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले हे भाषण. शिक्षकांप्रमाणेच ग्रामस्थ व अधिकारी यांनाही ते विचारार्ह वाटेल, या हेतूने येथे देत आहोत.)



आपणांपैकी पुष्कळांच्या हाती नेमणुकीची पत्रे पडली आहेत. कोणी सत्तरीत जाणार, कोणी सांग्यात, कोणी काणकोणच्या डोंगरी भागात. पत्रात शाळेचे नाव असते, रुजू होण्याची तारीख असते आणि वेतनश्रेणी असते. त्या गावात माणसाने राहावे कसे, हे मात्र पत्रात नसते. आज मला बोलावयाचे आहे ते याच विषयावर, आणि तेही उपदेशक म्हणून नव्हे, तर एक मोठी चूक करून शिकलेला शिक्षक म्हणून.

प्रथम थोडे पूर्वीचे सांगतो. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्याआधी सरकारी शिक्षण पोर्तुगीज भाषेतून होते. मराठी शाळा चालत त्या लोकांच्या वर्गणीवर आणि शिक्षकांच्या निष्ठेवर. १९६३ च्या डिसेंबरात भाऊसाहेब बांदोडकर यांचे सरकार आले आणि पुढील काही वर्षांत खेडोपाडी प्राथमिक शाळा उघडल्या. इमारती नव्हत्या. कोठे देवळाचा सभामंडप, कोठे कोणा गृहस्थाची ओसरी, हीच शाळा. अशा कित्येक गावांत मुक्कामाला राहणारा पहिला सरकारी माणूस म्हणजे शिक्षक. म्हणून गावाने सरकारची परीक्षा केली ती शिक्षकावरून. ही गोष्ट आजही फारशी बदललेली नाही.

रुजू होताना

मी पेडणे तालुक्यातला, समुद्राकाठी वाढलेला. १९८३ च्या जून महिन्यात सत्तरीतील एका गावी माझी पहिली नेमणूक झाली. वाळपईपर्यंत कदंबची बस आणि पुढे पायी. एका हातात ट्रंक, खांद्यावर वळकटी, आणि बरोबर स्टो व कंदील. वाट दाखवायला आलेल्या मुलाने माझी ट्रंक न विचारता डोक्यावर घेतली आणि सबंध वाटेत तो एक शब्दही बोलला नाही.

शाळा देवळाच्या सभामंडपात भरत असे. एकशिक्षकी शाळा, चार इयत्ता, सत्तावीस मुले. आधीच्या गुरुजींनी मला रीतसर कार्यभार दिला. डेडस्टॉकच्या वहीत सर्व काही होते : खुर्च्या दोन, टेबल एक, फळा एक, नकाशे तीन, पितळी घंटा एक, पत्र्याची पेटी एक. मी एकेक वस्तू मोजून घेतली आणि खाली सही केली. गुरुजींना दुपारची बस गाठायची होती. ते निघाले, आणि मी असे समजलो की शाळा माझ्या ताब्यात आली.

वास्तविक ताब्यात आली होती ती घंटा आणि पेटी. शाळा अजून यावयाची होती.

घेण्याची विद्या

गावातील एका वृद्ध बाईंनी आपल्या घराची एक खोली मला दिली. पहिल्याच दिवशी दहाच्या सुमारास त्यांनी उकड्या तांदळाची पेज, सुक्या बांगड्याचा तुकडा आणि लोणचे असे शाळेत पाठवले. सरकारी नोकराने कोणाचे काही घेऊ नये, असे माझ्या मनावर बिंबलेले. मी ती पेज आभार मानून परत पाठवली. दुसऱ्या दिवशीही तेच केले. तिसऱ्या दिवशी पेज आली नाही. वाड्यावर मात्र बोलणे झाले, की मास्तरांना आमच्या घरचे चालत नाही.

मला अभिप्रेत होता तो प्रामाणिकपणा. गावाने वाचला तो तुसडेपणा. खेड्यात देणे जसे एक नाते आहे तसेच घेणे हेही नाते आहे. पुढे मी त्या बाईंकडे जाऊन क्षमा मागितली, महिन्याचे धान्याचे पैसे ठरवून दिले आणि रोजची पेज त्यांच्या चुलीपाशी बसून घेऊ लागलो. कामाच्या मोबदल्यात घेतलेले नारळ निराळे आणि शेजाऱ्याच्या नात्याने घेतलेली पेज निराळी. हा भेद ज्याला कळला, त्याला गावात राहणे अवघड जात नाही.

ओढ्याचा धडा

आता ती चूक सांगतो. सत्तावीसपैकी नऊ मुले ओढ्यापलीकडील वाड्यावरून येत. तिकडे ओढ्याला 'व्हाळ' म्हणतात. जुलैत पाऊस लागला आणि ही नऊ मुले कधी उशिरा येऊ लागली, कधी मुळीच येईनात. मी हजेरीपटावर गैरहजेरी मांडत गेलो. पावसाचे निमित्त करून ही मुले घरी राहतात, असा माझा समज. पेडण्याला पाऊस काय कमी पडतो? आम्ही शाळेत जातच होतो की!

एके दिवशी पहिलीतला सात वर्षांचा एक मुलगा तीन दिवसांनी शाळेत आला. मी कारण विचारले. तो गप्प राहिला. मी त्याच्या हातावर दोन छड्या मारल्या आणि उद्या वेळेवर ये, असे बजावले.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून धो धो पाऊस होता. तरी तो मुलगा बहिणीचा हात धरून निघाला. व्हाळाच्या मध्यावर त्याचा पाय सुटला. खालच्या बाजूला बांबूचे बेट होते, त्यात तो अडकला. शेतात असलेल्या एका माणसाने धाव घेऊन त्याला ओढून काढले. पाटी वाहून गेली. भिजलेला, कोपर सोललेला तो मुलगा घरी परत न जाता शाळेत आला आणि दारातच थांबून त्याने मला विचारले, "मास्तर, उशीर झालो?"

त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही.

संध्याकाळी त्याचे आजोबा आले. ते चिडतील, चार माणसे घेऊन येतील, असे मला वाटले होते. ते एकटेच आले. पायरीवर बसले, पान सोडले आणि शांतपणे म्हणाले, "व्हाळाक सांगून उपेग ना, म्हणून तुमकां सांगपाक आयलां." ओढ्याला सांगून उपयोग नाही, म्हणून तुम्हांला सांगायला आलो.

दुसऱ्या दिवशी ते मला व्हाळावर घेऊन गेले. पात्रात एक मोठा काळा खडक होता. त्याचा माथा पाण्यावर दिसतो तोवर मुलांनी उतरावे. माथा बुडाला की मोठ्या माणसानेही उतरू नये. गावातील प्रत्येक माणसाला हे ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते फक्त मला, आणि हजेरी मांडण्याचा अधिकार होता तोही फक्त मला.

पुढे भागशिक्षणाधिकारी तपासणीला आले, तेव्हा मी त्यांना सर्व हकीकत सांगितली. ते रागावले नाहीत. शेऱ्याच्या रकान्यात 'ओढ्यास पूर' असे स्पष्ट लिहावे, आणि बुडालेला अभ्यास सवडीने भरून काढावा, असे त्यांनी सुचविले. त्याप्रमाणे पाऊस ओसरल्यावर रविवारी सकाळी मी पलीकडच्या वाड्यावर जाऊन तेथील ओसरीवर वर्ग घेऊ लागलो. छडी मी त्याच दिवशी मोडली होती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना आज बंदी आहे. मी छडी मारली तेव्हा हा कायदा नव्हता. पण ते माझे समर्थन होऊ शकत नाही.

घरचा शब्द आणि पुस्तकातला शब्द

दुसरा धडा भाषेचा. पहिलीच्या वर्गात घागरीचे चित्र दाखवून मी विचारले, "यात काय आहे?" एक मुलगी उत्साहाने म्हणाली, "उदक." मी म्हणालो, "उदक नव्हे, पाणी म्हण." ती खाली बसली. त्यानंतर आठवडाभर पहिलीच्या वर्गात कोणी आपण होऊन बोलेना.

पुढे देवळात काही धार्मिक कार्य होते. पुरोहितांच्या तोंडून मंत्रात तोच शब्द आला : उदक. ज्या शब्दाला मी अशुद्ध ठरवले, तो संस्कृत शब्द त्या मुलीच्या घरात जिवंत होता. शरमलो मी. दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन रकाने आखले. एक घरच्या शब्दांचा, दुसरा पुस्तकातल्या शब्दांचा. उदक - पाणी. सुणे - कुत्रा. फातर - दगड. व्हाळ - ओढा. घरचे शब्द मुलांनी सांगायचे आणि पुस्तकातले मी. महिन्याभरात मुले पुस्तकातले शब्द आपण होऊन विचारू लागली, आणि त्यांचे शब्द मी शिकलो.

मुलाच्या घरच्या भाषेचा आधार घेऊन शिकवावे, असे २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आज सांगते. आपल्या राज्यात कोकणी, मराठी या भाषा शेजारी शेजारी नांदतात आणि धनगर वाड्यावरची बोली आणखी निराळी ऐकू येते. शिक्षकाने यांपैकी कोणत्याही शब्दाला हसू नये. मूल ज्या शब्दाने आईला हाक मारते, त्या शब्दाला हसणारा शिक्षक त्या मुलाचा विश्वास कायमचा गमावतो.

गावाचे वर्ष

शाळेचे वर्ष तेव्हा जूनमध्ये सुरू होई. गावाचे वर्ष शेतीच्या कामांवर चालते. लावणीच्या दिवसांत घरात मोठे माणूस नसते, तेव्हा धाकट्या भावंडाला मोठी बहीण सांभाळते. चवथीच्या आधी मुले माटोळीचे साहित्य आणायला रानात जातात. शिगम्यात मांडावर रात्री जागतात. फेब्रुवारीपासून काजूचा हंगाम, आणि वर्षाचा रोख पैसा घरात येतो तो त्याच दोन-तीन महिन्यांत. मुलाला काजूला नेणारा बाप हा शिक्षणाचा शत्रू नव्हे. त्याच्याशी भांडून काही साधत नाही, बसून बोलावे लागते. आम्ही पालकांबरोबर बसून ठरवले, की लहानांना नेऊ नये आणि मोठ्या मुलांनी शाळा सुटल्यावरच जावे. सर्वांनी पाळले असे नाही. पण निम्म्याहून अधिकांनी पाळले.

गणितही मी तेथूनच घेतले. वीस कुडवांची खंडी होते हे त्या मुलांना पाढ्याआधी येत होते. माटोळीला बांधायच्या फळांची नावे विचारली, तर तिसरीतला मुलगा माझ्याहून अधिक सांगे. निसर्गाच्या त्या तासाला मी विद्यार्थी होतो, आणि तसे मी मुलांना सांगितलेही. त्याने माझा मान कमी झाला नाही.

अधिकारी व ग्रामस्थ यांस विनंती

बंधुभगिनींनो, माझे सांगणे एवढेच आहे. कार्यभाराच्या यादीत घंटा असते, खुर्ची असते, गाव नसते. व्हाळातील तो खडक त्या यादीत एका ओळीने लिहिलेला असता, तर सात वर्षांचे एक मूल पुराच्या पाण्यात उतरले नसते.

म्हणून खात्याच्या अधिकाऱ्यांना माझी नम्र सूचना आहे, की कार्यभार देताना आणखी एक पान जोडण्याची प्रथा पाडावी. कोणती मुले कोणत्या वाटेने येतात आणि ती वाट केव्हा बंद होते. घरी कोणती बोली आहे. कोणत्या महिन्यांत मुले गळतात आणि का. जवळचे आरोग्य केंद्र कोठे आहे, एवढे त्यात असावे. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले, हेही नव्या शिक्षकाला काजूच्या हंगामाआधी कळायला हवे. २०२० साली शाळा बंद असताना आपल्या डोंगरी भागातील मुले मोबाइलची रेंज शोधत डोंगरमाथ्यावर बसली. रेंज कोठे मिळते हेही त्या पानावर लिहावे.

ग्रामस्थांना विनंती अशी, की नवा शिक्षक आला की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी वडीलधाऱ्याने त्याला वाटा दाखवाव्यात. त्याचे चुकले तर बाहेर कुजबुजू नये. त्या आजोबांसारखे येऊन पायरीवर बसावे आणि सांगावे.

आणि नव्या शिक्षकांनो, पहिले तीन महिने कमी सांगा, अधिक विचारा. विचारल्याने शिक्षक लहान होत नाही.

चार वर्षांनी, १९८७ मध्ये, माझी बदली झाली. निघताना मी असे एक पान लिहून पुढील गुरुजींच्या हाती दिले. त्यात पहिली ओळ काळ्या खडकाची होती. पुष्कळ वर्षांनी एका कार्यक्रमासाठी त्या शाळेत गेलो. इमारत नवी झाली होती. तेथील बाईंनी एक वही माझ्यापुढे ठेवली. माझे पान तिच्यात चिकटवलेले होते आणि पुढे निरनिराळ्या हस्ताक्षरांतील नोंदी होत्या. माझी पहिली ओळ मात्र कोणीतरी आडवी रेघ मारून खोडली होती आणि शेजारी लिहिले होते, 'येथे आता पूल आहे.'

आपले लिहिलेले कोणी खोडले, याचा इतका आनंद मला आयुष्यात दुसऱ्यांदा झाला नाही. तुमच्याही वाट्याला असा आनंद यावा, अशी सदिच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद.