गरमीची रक्ततपासणी



आज जरा लाजेची गोष्ट बोलायची आहे. पण रोगाला कुठे लाज असते!

गरमी हा रोग जंतूंमुळे होतो. तो शरीरसंबंधातून लागतो. आधी गुप्त जागी फोड येतो. पुष्कळदा तो दुखतही नाही, आणि काही आठवड्यांनी आपोआप भरतो. माणूस म्हणतो, "सुटलो बुवा!" पण जंतू अंगातच राहतात. त्यांची खूण रक्तात सापडते.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यातली कितीतरी जोडपी उसतोडीला गुजरातेत जातात. बाई गरोदर असली तरी जाते. निघण्याआधी सरकारी दवाखान्यात तिचे रक्त तपासून घ्या. गरमी आईकडून पोटातल्या बाळाला लागते. बाळ पोटातच दगावू शकते. मग लोक बाईलाच बोल लावतात. हे बरे नव्हे. रोग नवऱ्याकडूनही आलेला असतो.

बोटातून थेंबभर रक्त घेतात. अर्ध्या तासात कळते. रोगाची खूण निघाली, तर हाताच्या शिरेतून रक्त घेऊन व्हीडीआरएल नावाची तपासणी करतात. औषध लागू पडले का, तेही तिच्यावरून समजते. औषध म्हणजे पेनिसिलिनची सुई. आपल्या पिंपरीच्या कारखान्यात पेनिसिलिन १९५५ साली बनू लागले.

नवऱ्यानेही रक्त द्यावे. एकट्या बाईने सुई घेतली, तर रोग त्याच्याकडून पुन्हा तिला लागेल. लागण नवी असली, तर पहिल्या वेळी ती दिसत नाही. डॉक्टर बोलावतील तेव्हा पुन्हा जा. तपासणीचा कागद मात्र उसाच्या तळावर बरोबर न्या. तिथल्या डॉक्टरांना तो दाखवता येईल.